समुद्राकडच्या उताराची वाईन

जयवंत मेस्त्री मला पहिल्यांदा भेटला तेव्हा त्याने सगळं लालबाग बंद पाडलं होतं. वाईन शॉपच्या खिडकीत डोकं घालून तो विचारत होता, "वाईन नाही, तर पाटी कसली लावलीय?" मागे रांगेत हजारभर तहानलेले उभे. त्यातले निम्मे वाट बघता बघता रिटायर झाले. शेवटी मीच त्याला चहाला ओढून नेलं.

तिथे त्याने मला कोकणातल्या वाईनचा इतिहास ऐकवला. तो सगळा त्याच्या आज्याचाच निघाला. आजा गिरणीत लागला तेव्हा गावाहून ट्रंक आणायची विसरला, पण करवंदाच्या वाईनची बरणी घोडपदेवच्या चाळीत घेऊन आला. तेव्हापासून ती दरवर्षी घरी होते.

"डोंगराच्या आतल्या अंगाचं करवंद नुसतं गोड," जयवंत सांगायचा. "समुद्राकडच्या उताराचं आधी आंबट, मग तुरट, आणि शेवटी जिभेवर मिठाचा कण ठेवून जातं. खारा वारा लागतो ना."

यंदा मात्र त्याची झोप उडाली होती. चुलत्यांनी तो उतार चिऱ्याच्या खाणीला द्यायचं ठरवलं होतं. एका वाईन कंपनीचा हितेंद्र नावाचा माणूस रविवारी चव घ्यायला येणार होता. त्याला वाईन पटली तर कंपनी दरवर्षी करवंद घेणार आणि चुलते थांबणार. घरात शिल्लक होती फक्त अर्धी बाटली.

त्या रविवारी मी धीर द्यायला गेलो आणि रीतीप्रमाणे जेवलो. बांगड्याचं कालवण वाढताना बकुळावहिनींनी विचारलं, "भावोजी, कसं झालंय?"

"जरा गोडसर वाटतंय."

"कोकमाचं आगळ तर भरपूर घातलंय."

हितेंद्र आला. जयवंतने फळीवरची बाटली काढली. मी म्हटलं, "आधी तू चाखून बघ."

"खुळो की काय? आधी राखणदाराचो मान." त्याने गॅलरीतल्या तुळशीत धार सोडली, गावच्या राखणदाराला हात जोडले, मग पाहुण्याचा ग्लास भरला.

हितेंद्रने घोट घेतला. त्याचे डोळे मिटले ते उघडेचनात. "फारच खारट आहे."

"यंदा वारा जोरात होता," जयवंत अभिमानाने म्हणाला.

मग त्याने स्वतः घोट घेतला आणि बाटली नाकाशी नेली. ते कोकमाचं आगळ होतं, मीठ घालून मुरवलेलं. दोन्ही लालभडक, दोन्ही रमच्या जुन्या बाटल्यांत. सकाळी त्यानेच वाईन माळ्यावरून काढून आगळाशेजारी ठेवली होती.

बकुळावहिनी दारात पदर तोंडाशी धरून उभ्या होत्या. जयवंत त्यांच्या शेजारून आत गेला आणि कालवणाचं पातेलं घेऊन आला.

"साहेब, ह्यात आहे ती. अर्धी बाटली. थोडा रस तरी चाखून बघा."

"मी व्हेज आहे," हितेंद्र म्हणाला.

मे महिन्यात उतार खाणीला गेला.