काट्याच्या भीतीनं धरलेला उपास

मी तुरुंगात उपास धरले होते, पण ते देवासाठी नव्हते, हे आधीच सांगून टाकतो. पुढचं वाचताना कुणी मला भक्त समजू नये. मी सातवीतून शाळा सोडलेला माणूस. लिहायची सवय नाही, लिहिताना अजून हात घाबरतो. पण ज्याच्यामुळं मी आज चार घास खातो आहे, त्याची आठवण कुठंतरी लिहून ठेवावी, असं बरेच दिवस मनात आहे.

उंब्रजजवळचं आमचं गाव. शेताच्या बांधावरून भावकीत भांडण झालं आणि माझ्या हातून दोन जीव गेले. मी ते नाकारत नाही. कोर्टात नाकारलं होतं, आता नाकारत नाही. साताऱ्याला सेशन कोर्टानं फाशी सुनावली आणि मला गावापासून फार लांबच्या एका मोठ्या तुरुंगात नेलं. तिथं फाशीवाल्यांचा वेगळा यार्ड होता. नव्वद सालानंतरच्या त्या दोन वर्षांत मी तिथं होतो.

लोक विचारतात, मारहाण करतात का? नाही, मला कुणी बोट लावलं नाही. पण मारत नाहीत म्हणून दिवस हलके जातात असं नाही. खोली इतकी की हात पसरले की दोन्ही भिंती लागाव्यात. कोपऱ्यात संडासाचं भांडं, त्याच्याजवळच पाण्याचा मग. पायजम्याला नाडी नाही, तो एका हातानं धरून चालायचं. दिवा कायम चालू. अंधारसुद्धा माणसाला लागतो हे मला तिथं कळलं. सकाळी थोडा वेळ बाहेर काढायचे, तेही एकेकट्याला, म्हणून शेजारच्याचं तोंड कधी दिसायचं नाही. आणि सगळ्यात वाईट म्हणजे काम नव्हतं. बाकी कैद्यांना काम असतं, सुतारकी, विणकाम, बागेचं पाणी. फाशीवाल्याला काही देत नाहीत. ज्यानं जन्मभर उसाला पाणी पाजलं, त्यानं आपल्या हातांकडं किती दिवस बघत बसायचं?

हात रिकामे राहिल्यावर कान काम करू लागले. पावलांवरून शिपाई ओळखायचो, भांड्याच्या आवाजावरून डाळ पातळ का घट्ट ते सांगायचो. चार नंबरच्या खोलीत मलकापूरचे एक गृहस्थ होते, पूर्वी फौजेत होते म्हणून सगळे त्यांना सुभेदार म्हणायचे. दर पंधरा दिवसांनी, सोमवारी सकाळी, त्यांच्या खोलीतून गटागटा पाणी पिण्याचा आवाज यायचा. एक मग, दोन मग, तीन मग. नंतर धापा. हा माणूस नेमका त्याच सकाळी एवढं पाणी का पितो, याचा मी तासन् तास विचार करायचो. विचारायचं धाडस झालं नाही. तिथं कुणी कुणाला फार खोल विचारत नाही.

त्या सोमवारी आमचं वजन घ्यायचे. गावच्या सोसायटीत खताची पोती मोजतात तसा काटा ढकलत आणायचे. एकेकाला वर उभं करायचं, कंपाउंडर वहीत आकडा लिहायचा. हे वजन दोरासाठी घेतात, अशी सगळ्या यार्डाची पक्की समजूत होती. किती वजनाला किती लांब दोर, याचा हिशोब वर पाठवतात म्हणे. आणि मला खटला चालू असताना कच्च्या कैदेत एकानं सांगितलं होतं की ठरावीक वजनाच्या खाली माणूस गेला तर त्याला चढवता येत नाही. मी ते खरं मानलं. बुडत्याला कोण शहाणपण शिकवणार?

मग मी उपास धरले. जेवत नाही म्हटलं तर साहेबांपर्यंत जातं, नळी घालून खायला घालतात. पण देवाचा उपास म्हटलं की कुणी अडवत नाही. आमचं कुलदैवत पालीचा खंडोबा, म्हणून आधी रविवार धरला. मग महादेवाचा सोमवार. मग दत्ताचा गुरुवार, मारुतीचा शनिवार. देवीचा मंगळवार राहिला होता, तोही धरला. यार्डातला शिपाई हसायचा. म्हणाला, "महाराज, बुधवार आन् शुक्रवारनं तुमचं काय वाकडं केलंय? त्येंलाबी येकेक देव बघा की."

महाराज हे नाव तसंच पडलं. आणि इथंच मी अडकलो. सुभेदार पलीकडून आवाज द्यायला लागले, "महाराज, माझं अपील हाय या महिन्यात. मारुतीला माझंबी नाव सांगा." आणखी कुणी आईच्या दुखण्यासाठी सांगायचं. मी "व्हय, सांगतो" म्हणायचो आणि मनात वहीतला आकडा मोजायचो. एकावन्न. एकोणपन्नास. सत्तेचाळीस. देवाचं नाव घेऊन मी त्याच्याच पाठीमागं लपलो होतो, आणि माझ्यापाशी ती माणसं आपली दुःखं ठेवून जात होती. लाज वाटायची. पण लाजेपेक्षा भीती मोठी होती.

माझ्या शेजारी तीन नंबरला अण्णा होते. मिरजेचे. तिथल्या एका दवाखान्यात पंधरा वर्षं वॉर्डबॉय होते. त्यांच्या वडिलांनी छप्पन्न सालानंतर लगेच धम्म घेतला होता, त्यामुळं माझ्या उपासांचं त्यांना कौतुक नव्हतं. त्यांना साखरेचा आजार होता, दोन वेळा गोळी असायची. मी त्यांना पाहिलेलं नव्हतं. आवाज मात्र भरदार, म्हणून मी मनात एक धिप्पाड, मिशीवाला माणूस उभा केला होता.

एके दिवशी सकाळी ते भिंतीजवळ येऊन म्हणाले, "पाव्हणं, तुमचा आवाज बसत चाललाय. उपाशी माणसाचा आवाज मला कळतो, लय पेशंट बघितल्यात मी."

"देवाचा उपास हाय अण्णा."

"कुठल्या देवाला माणूस वाळवून लागतो वं?"

मी भिंतीकडं पाठ केली. ते म्हणाले, "बरं. मग माझं ऐका. आजपासनं तुमी जेवल्याबिगर मी जेवणार न्हाई. गोळी मातूर घेणार."

मला वाटलं चेष्टा करतात. दुपारची थाळी आली. माझी मी परत केली. शेजारची थाळीही तशीच परत गेल्याचा आवाज आला. संध्याकाळी तेच. गोळी घेऊन न जेवणं म्हणजे साखर उतरून जिवावर बेतणं, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. मी भिंतीवर हात मारून म्हणालो, "अण्णा, खुळेपणा करू नका." ते म्हणाले, "खुळा कोण ते उद्या बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांची जीभ जड झाली होती. बोलता बोलता शब्द अर्धा राहायचा. मी विचारत राहिलो, "अण्णा, घाम येतोय का?" आधी हुंकार आला. नंतर पाण्याचा मग पडल्याचा आवाज आला, आणि पुढं काहीच नाही.

मी ओरडलो. सुभेदार ओरडले. सगळा यार्ड गजांवर थाळ्या आपटू लागला. पण ती वेळ शिपाई बदलण्याची होती, तेव्हा यार्डात थोडा वेळ कुणीच नसतं, हे मला माझ्या कानांनी कितीतरी दिवस सांगितलेलं होतं. मी खाली बसलो. आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीही न मागता, काहीही न लपवता म्हणालो, देवा, माझ्यापाशी आता काही नाही, तू बघ.

तेवढ्यात पावलं वाजली. मघाशी गेलेला शिपाई परत येत होता. त्याची टोपी स्टुलावर राहिली होती. त्याच्या हातात त्याचाच चहाचा ग्लास होता. देवानं धाडला असं मी म्हणत नाही. टोपी विसरली होती, एवढंच मला माहीत. सुभेदारांनी आरडून सांगितलं, "आवं, साखर! त्यो चा पाजा त्येला!" शिपायानं किल्ली मागवली नाही, दार उघडायची वाट बघितली नाही. गजांतून हात घालून, दाराशीच पडलेल्या अण्णांची मान वर धरली आणि चहा थोडा थोडा तोंडात सोडला. हे मला नंतर कळलं, तेव्हा मला काही दिसत नव्हतं. नुसतं ऐकत होतो. खूप वेळानं गिळल्याचा आवाज आला. मग ठसका.

आणि मग अण्णांचा आवाज, कापरा. "पाव्हणं... जेवला का?"

माझ्याच्यानं राहवलं नाही. मी रडत सगळ्या यार्डाला ऐकू जाईल असं म्हणालो, "आवं, माझा उपास खोटा हाय. मी काट्याला भिऊन उपाशी राहतोय. हलका झालो तर चढवणार न्हाईत म्हणून. मी कुणाचंबी नाव देवाला सांगितलं न्हाई. मला माफी करा."

आता शिव्या येणार म्हणून मी डोळे मिटून बसलो. मग चार नंबरमधून सुभेदार म्हणाले, "च्यायला! आन् मी सोमवारी तीन मग पाणी ढोसतोय ते!"

"ते कशापायी?" शिपायानं विचारलं.

"वजनदार माणसाचा दोर तुटतो म्हणं. येकदा तुटला की परत चढवत न्हाईत."

आधी शिपायाला हसू फुटलं. मग कोपऱ्यातून कुणीतरी हसलं, मग सगळा यार्ड. एकजण वजन घटवतो, दुसरा वाढवतो, दोघंही एकाच काट्याला फसवतात! अण्णा हसता हसता म्हणाले, "गड्यांनो, वजन घेत्यात ते माणूस झिजतोय का बघायला. मी हजार पेशंट काट्यावर चढवलेत, येकाला तरी दोर लावला का?" त्या यार्डात मी तोवर कैद्यांच्या हसण्याचा आवाज ऐकला नव्हता. तो आवाज मला अजून मंदिरातल्या घंटेपेक्षा मोठा वाटतो.

मी थाळी मागून घेतली. त्याच आठवड्यात घरून पत्र आलं होतं. मंडळीनं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्यात पालीच्या भंडाऱ्याची चिमूट घातली होती, पण तपासताना ती काढून घेतलेली, घडीवर नुसता पिवळा डाग. मी भाकरी डाळीत बुडवली, खाल्ली आणि बोटांकडं पाहिलं. डाळीतल्या हळदीनं बोटं पिवळी झाली होती. मी ती तशीच कपाळाला लावली. सगळा यार्ड माझ्या चावण्याचा आवाज ऐकत होता. पलीकडून अण्णांच्या थाळीचाही आवाज येत होता. पुढच्या सोमवारी काट्यावर चढलो तेव्हा आकड्याकडं पाहिलं नाही. ज्याला मोजायचं त्यानं मोजावं.

सात-आठ महिन्यांनी हायकोर्टात माझी फाशी जन्मठेपेवर आली. मला दुसरीकडं हलवलं, तेव्हा तीन नंबरसमोरून जाताना मी थांबलो. आत एक बारीक, टक्कल पडलेले, जाड भिंगाच्या चष्म्याचे गृहस्थ बसले होते. आम्ही एकमेकांकडं बघतच राहिलो. "तुमी व्हय?" ते म्हणाले. "मला वाटलं म्हातारा असशील. पोरगंच की रं तू." आतापर्यंत ते मला अहोजाहो करायचे. मी गजांतून त्यांच्या पायाला हात लावला. त्यांनी पाय मागं घेतला आणि माझा हातच धरला. शिपाई म्हणाला चला, तेव्हा सोडला. त्यांचा दयेचा अर्ज वर अडकून होता. तो अर्ज तसाच पडून असताना अण्णा आजारानं गेले, हे मला वर्षभरानं कळलं.

सुटल्यावर गावी गेलो नाही. ज्या घरांतली माणसं माझ्यामुळं गेली, त्यांच्या दारावरून मी कसा चालणार? आता मिरजेत दवाखान्यांच्या रस्त्यावर एका खानावळीत भाकरी थापतो. गाव दोन-अडीच तासांवर आहे, पण माझ्यासाठी ते फार लांब. मंडळी महिन्यातून एकदा येऊन जाते. रविवारी देवापुढं उभा राहतो तेव्हा माझ्या हातून गेलेल्या त्या दोघांची नावं घेतो, आणि त्यांच्यामागं अण्णांचं. अण्णा हे पाहून हसले असते. मी देवाकडं काही मागत नाही. माझं आयुष्य किती ठेवायचं, याच्यात मी आता हात घालत नाही. जेवढं दिलं आहे तेवढ्या दिवसांत समोर बसलेला माणूस नीट जेवला का, एवढंच बघतो. बाकीचं त्याचं तो बघतो आहे.