पायलीभर पाऊस

सासरी आल्यावर मी पहिला प्रताप केला तो असा, की आदल्या दिवशी पडलेला केशोरी गावचा सगळा पाऊस उकिरड्यावर ओतून दिला.

सासूबाईंनी कांडायचं धान मोजून घ्यायला सांगितलं होतं आणि मापाची पायली कुठं दिसेना. शोधता शोधता ती सापडली अंगणाच्या अगदी मधोमध, शेणानं सारवलेल्या एका लहानशा ओट्यावर. तळाशी पाणी साचलेलं. मी गोंदियाची, म्हणजे स्वतःला शहरातली समजणारी. मनात म्हटलं, काय ही माणसं, धान्याचं माप उघड्यावर टाकतात! पाणी फेकलं, पायली पदरानं पुसली आणि वळले, तर मागं पांढऱ्या लुगड्यातली एक उंच, वाळकी बाई कमरेवर हात ठेवून उभी.

"काऊन ओतला व? अजून बोटं नाही लावली मी त्याले!"

ही माझी आणि आत्याबाईंची पहिली भेट.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची थोरली बहीण. ऐन तारुण्यात विधवा होऊन माहेरी आल्या त्या कायमच्या. सगळं गाव त्यांना आत्याबाईच म्हणायचं, वयानं मोठी माणसंसुद्धा. घरात त्यांचा बाकी कशाचाच हट्ट नव्हता. भाजीत मीठ कमी पडो की जास्त, त्या मुकाट्यानं जेवायच्या. पण होळी पेटली की पायली अंगणात गेलीच पाहिजे. पाऊस थांबला, की तळाशी बोटं आडवी टेकवून पाणी किती बोटांवर आलं ते बघायच्या आणि घरादाराला ऐकू जाईल असं सांगायच्या, "दोन बोटं!" "साडेतीन!" आम्हाला धान मोजायला शेजारणीची पायली मागून आणावी लागे. शेजारीण देताना हसायची, आणि मी घेताना चिडायची.

पावसाळ्याच्या पावसात त्यांना फारसा रस नव्हता. तो काय, सांगून येतो, म्हणायच्या. त्यांचं वैर होतं उन्हाळ्यातल्या अवकाळी ढगांशी. दुपारी भाकरतुकडा झाला, की त्या मागच्या दारी बाज टाकून आमच्याकडच्या प्रतापगडाच्या डोंगराकडं तोंड करून बसत. घरातल्या इतर बायका तेव्हा आडव्या व्हायच्या. "गरजते त्याले भेऊ नोका. चुपचाप वाढते तो ढग पाहा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ढग मनाला आला नाही, की त्या उठून पितळी परात बडवायच्या. मोहफुलं वेचायला, तेंदूपत्ता तोडायला, बोडीच्या तळ्यावर ढोरं पाजायला गेलेली माणसं तो आवाज ऐकून घराकडं वळायची. वळताना शिव्याही द्यायची, कारण दहातून पाच वेळा तरी पुढं काहीच व्हायचं नाही.

आपल्या गावचा पाऊस मोजून त्यांचं भागत नसे. वादळ कोणत्या गावावरून कुठं गेलं, हेही त्यांना कळायला हवं असायचं. बाजाराच्या दिवशी आजूबाजूच्या गावांतल्या बायका आमच्या ओसरीवर पाणी प्यायला टेकायच्या. पाणी आधी नाही, पाऊस आधी. "तुह्या गावी किती बोटं?" मग गूळ आणि पाणी. कितीतरी घरांच्या पायल्या आत्याबाईंनी अशा ज्याच्या त्याच्या अंगणात ठेवायला लावल्या होत्या. त्या घरांतल्या सुनांनी मला मागून काय काय ऐकवलं, ते सांगण्यासारखं नाही.

एका उन्हाळ्यात त्यांनी मोठाच शोध लावला. दोन गावं अगदी शेजारशेजारची, मधे एक नाला. पण अलीकडची फुलाबाई सांगायची दोन बोटं, तर पलीकडची नवी सून चार. दर वेळी तेच. आत्याबाईंनी ठरवूनच टाकलं, की ढग नाला ओलांडला की जास्त बरसतो. साऱ्या बाजाराला त्यांनी ते पटवून दिलं. पलीकडच्या गावातले लोक उगीच ताठ्यानं चालायला लागले. मग एकदा कासारीण ओसरीवर आली आणि दोघी शेजारी बसून बांगड्या भरायला लागल्या. फुलाबाई जंगलात राबणारी, तिचा पंजा दाराच्या फळीएवढा. तिच्या हाताला कासारणीची मोठ्यात मोठी बांगडी चढेना. त्या सुनेला मात्र पोरीसोरींची बांगडी सैल व्हायला लागली. आत्याबाई दोघींच्या बोटांकडं बघत राहिल्या आणि एकदम कपाळावर हात मारून घेतला. "अवं बाई! पाऊस सारखाच पडून राहिला, बोटं वेगळी हायेत!" त्या दिवशी ओसरीवर इतकं हसू झालं, की कासारणीच्या चार बांगड्या फुटल्या. पुढच्या बाजारी आत्याबाईंनी एकाच मापाच्या खाचा पाडलेल्या बांबूच्या काड्या सगळ्यांना वाटल्या. तोंडानं मात्र सगळ्या बोटंच म्हणत राहिल्या.

हे सारं कशासाठी, ते मला सासूबाईंनी सांगितलं. आत्याबाईंचा नवरा चैत्रात मोहफुलं वेचायला गेला होता. वाऱ्याचं वावधन सुटलं, टपोरे थेंब यायला लागले, म्हणून तो झाडाखाली जाऊन बसला. त्या झाडावर वीज पडली. आत्याबाई स्वतः याबद्दल एकदाच बोलल्या, तांदूळ निवडता निवडता. "पावसानं काय केलं असतं त्याले? भिजला असता. भिजला मानूस सुकते." मग सुपातला खडा काढून दूर फेकला. "भिजा, पन झाडाखाली नोका जाऊ" हे गावातल्या लेकराबाळांना पाठ होतं. ते कुठून आलं, ते मला त्या दिवशी कळलं.

माझी नणंद शांता हिचं लग्न वैशाखात ठरलं. वरातीचा जानवसा बोडीकाठच्या आमराईत द्यायचा, हे मामंजींनी महिनाभर आधीच ठरवलं होतं. गार सावली, जवळ पाणी, पाहुण्यांना आणखी काय हवं? लग्नाच्या दिवशी सकाळपासून वारा पडलेला, पान हलत नव्हतं. विधवा बाईनं शुभकार्यात पुढं यायचं नाही, ही तेव्हाची रीत. त्यामुळं आत्याबाई मागच्या खोलीत होत्या. पण मागचं दार त्यांना कोण बंद करणार? वरातीच्या बैलबंड्या गावाच्या शिवेवर आल्या आणि इकडं त्यांनी मामंजींना आत बोलावून घेतलं. प्रतापगडाच्या बाजूला लाह्या फुटाव्या तसा ढग फुलत होता.

"आमराईत नोको बसवू कोनाले."

"बाई, आता? मंग कुठं बसवू?"

"कोठ्यात."

"ढोराच्या कोठ्यात? व्याही बंड्या माघारी फिरवल ना!"

"झाडून देतो मी. सारवून देतो," आत्याबाई म्हणाल्या.

मामंजी भित्रे नव्हते, पण बहिणीपुढं त्यांचं कधी चाललं नाही. ढोरं बाहेर काढली, कोठा झाडला, सतरंज्या टाकल्या. व्हायचं तेच झालं. व्याही दारातच अडले. डोक्याचा फेटा काढून हातात घेतला आणि म्हणाले, "आमी मानसं आहोत का बैलं? जुपा बंड्या." शांता आत हळद लावून बसलेली, तिच्या कानावर ते गेलं. तिचा चेहरा मला आजही आठवतो. भरल्या मांडवातून वरात परत गेली, तर त्या पोरीला पुन्हा कोण विचारणार होतं?

आणि मग आत्याबाई मागच्या खोलीतून निघून, मांडव ओलांडून, सरळ व्याह्यांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. बायकांनी तोंडाला पदर लावले. मामंजींनी डोळे मिटून घेतले.

"व्याही, माहा नवरा असाच झाडाखाली बसला होता," त्या म्हणाल्या. "मी तुमच्यापुढं यायले नोको होती, मले मालूम आहे. पन आज माह्या पोरीचं कुंकू तुमच्यासंगं आलं आहे. ते झाडाखाली नोका ठेवू. मंग मले काय बोलायचं ते बोला."

व्याह्यांनी एकदा ढगाकडं बघितलं. मग फेटा डोक्यावर ठेवला, मान वाकवून कोठ्यात शिरले आणि पहिले जाऊन बसले.

आता तुम्हाला वाटेल, की पुढं वीज कडाडली आणि आमराई जळाली. तसं काही झालं नाही. धुळीचा एक लोट आला, एकदा लांबवर गुरगुरलं, आणि ढग नवेगावच्या जंगलाकडं निघून गेला. आमराईतली एक कैरीसुद्धा गळली नाही. वरात कोठ्यात घामानं निथळत होती आणि बाहेर लख्ख ऊन पडलं होतं.

लग्न लागलं, पंगती उठल्या. आत्याबाईंची आता काय अवस्था असेल, म्हणून मी भीतभीत मागं गेले. त्या पायरीवर बसून बुंदीचा लाडू खात होत्या आणि हसत होत्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"खोटी पडली व मी! साफ खोटी पडली!"

"आत्याबाई, लोक नावं ठेवतील ना."

"ठेवू दे. मी खरी पडली तं कोनाचं तरी घर बसते, पोरी. खोटी पडली तं सारे घरी येतात." मग अर्धा लाडू त्यांनी माझ्या हातावर ठेवला. मी तिथंच पायरीवर बसून तो खाल्ला.

पुढं व्याही आले, की दारातूनच विचारायचे, "बाई, बाजेवर बसू का कोठ्यात?" आणि आत्याबाई आभाळाकडं बघून गंभीरपणे सांगायच्या, "आज बाजेवर बसा." दोघांची ही गंमत शेवटपर्यंत चालली. त्या खऱ्याही ठरल्या, नाही असं नाही. एका तेंदूपत्त्याच्या हंगामात परात वाजल्यावर सगळे जंगलातून निघून आले आणि मागं साजाची दोन झाडं विजेनं जळाली. माझा नवरा त्यांतच होता. नखशिखांत भिजून दारात उभा राहिला, तेव्हा आत्याबाईंनी त्याच्या ओल्या डोक्यावर हात फिरवला आणि पायलीकडं गेल्या. त्या दिवसाबद्दल त्या कधीच बोलल्या नाहीत. लग्नातला खोटा ढग मात्र येणाऱ्या प्रत्येकाला सांगायच्या.

त्या गेल्या तेही वैशाखातच, झोपेत, काही त्रास न देता. बोडीच्या पलीकडं मसणवट आहे. तिथं एक जुना मोह, आणि माणसं चिता पेटल्यावर त्याच्याच सावलीत बसायची. मी अर्थातच घरी होते. तिथं काय झालं, ते संध्याकाळी नवऱ्यानं सांगितलं. सगळे सावलीत टेकले होते. प्रतापगडाच्या बाजूला ढग उठला, गरजला नाही, नुसता वाढत होता. आधी शांताचे सासरे उठले, धोतर झटकलं आणि म्हणाले, "चला गा. बाई वरतून परात बडवल." मग एकामागून एक सगळं गाव सावली सोडून बाहेर आलं आणि चिता विझेपर्यंत त्या पेटत्या उन्हात उभं राहिलं.

"मग? आला का पाऊस?" मी विचारलं.

"नाही ना. गेला निघून."

मी अंगणात गेले. सकाळच्या गडबडीत पायली ओट्यावर तशीच राहिली होती. आत हात घालून तळाला बोटं आडवी टेकवली. कोरडी ठणठणीत. आत्याबाई पुन्हा एकदा खोट्या पडल्या होत्या, आणि सारे घरी आले होते.