बिशपला करडी घोडी चालत नाही

डिम्फना कॉन्सिडाइनच्या अंगणात काम करायचं तर शिव्या खायची तयारी ठेवावी लागते. मी नऊ वर्षं खातोय, पोट भरत नाही. कुणी घोडी फळवायला घेऊन आलं की घोडीचं तोंड धरायचं काम माझं आणि बिशपचा दोर धरायचं काम तिचं. बिशप म्हणजे तिचा घोडा. अस्सल थरोब्रेड, शर्यतीच्या जातीचा! कागदावरचं त्याचं नाव हातभर लांब आहे, पण स्वारी इतकी सावकाश, दोन्हीकडे मान हलवत चालते की गावानं त्याला बिशप करून टाकला. खुद्द आमचे फादर मला रस्त्यात थांबवून विचारतात, "काय पॅकी, या आठवड्यात बिशपांनी किती जणींना आशीर्वाद दिला?"

आयर्लंडातल्या शॅनन नदीकाठची आमची शेतं लहान, घोड्या साध्या. मोठ्या पागांचे मालक आमच्या घोड्यांकडे ढुंकून बघत नाहीत. डिम्फना बघते. बघते आणि तोंडावर सांगते, "हिचे गुडघे बघितलेस का? हिला शिंगरू नको, पेन्शन पाहिजे." आलेला माणूस लाल होतो, घोडी घेऊन निघतो आणि पुढच्या वर्षी चांगली घोडी घेऊन हिच्याच दारात येतो. कारण त्याच माणसाची घोडी अडली की ही बाई बाह्या सरसावून तिथं हजर असते, आणि शिंगरू उभं राहिल्याशिवाय चहाचा घोट घेत नाही. तोंडानं फाटकी आहे, मनानं नाही. हे तिला सांगू नका, मला उगाच ऐकून घ्यावं लागेल.

बिशप मुळात तिच्या नवऱ्यानं आणला, जार्लथनं. नऊ वर्षांपूर्वी याच अंगणात एक परकी करडी घोडी आली होती. जार्लथ तिच्या तोंडाशी उभा होता, बिशपचा दोर डिम्फनाच्या हातात होता. घोडी गर्रकन फिरली आणि लाथ जार्लथच्या छातीत बसली. इस्पितळात पोचेपर्यंत तो गेला होता. मी त्या दिवशी दलदलीत होतो, तिथल्या मातीची ढेपळं जळणासाठी कापत. नंतर त्याच्या जागी मी उभा राहू लागलो.

तेव्हापासून बिशप करड्या घोडीजवळ जाईना. तांबडी आणा, काळी आणा, साहेब खूश. करडी दिसली की कान मागे, पाय मागे, सगळंच मागे. गावात सगळे म्हणत, "बिचाऱ्यानं डोळ्यांनी बघितलंय. घोडा विसरत नाही." मीही म्हणायचो. डिम्फना तर फोनवर पहिला प्रश्न तोच विचारायची, "रंग कुठला?" आणि करडी म्हटलं की फोन खाली.

पण सेनन हेहीरला नाही कसं म्हणणार? सेनन अठ्ठ्याहत्तर वर्षांचा, एकटा. जार्लथच्या शवपेटीला पुढून खांदा त्यानं दिला होता. त्याची सॅली एकोणीस वर्षांची, करडी, अगदी धुतल्यासारखी करडी. सॅलीच्या आजीच्या आईनं सेननच्या आईची दुधाची गाडी ओढली होती, आणि त्या वंशात आता एकटी सॅली उरली होती. जनावरांच्या डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं होतं, या उन्हाळ्यात राहिलं तर राहिलं, पुढच्या वर्षी तिला त्रास देऊ नका.

"अहो, दुसऱ्या घोड्याकडे न्या की," मी म्हटलं.

"जार्लथनं मला बिशपचं शिंगरू कबूल केलं होतं," सेनन म्हणाला. "त्याचा शब्द घेऊन मी कुठं दारोदार फिरू?"

मे महिन्यात सॅली माजावर आली. बिशप मागे सरला. जूनमध्ये पुन्हा आली, तेव्हा म्हाताऱ्यानं डोकं चालवलं. आठ डब्या बूटपॉलिश घासून घोडी काळीकुट्ट करून आणली! स्वतःही कोपरापर्यंत काळा.

"सेनन, हिला पॉलिश करून चर्चला, रविवारच्या मिसाला न्यायचीय की काय?" डिम्फना म्हणाली, आणि हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं. बिशप मात्र हसला नाही. चार पावलं आला आणि मागे सरला. सेनन सॅलीला घेऊन तीन मैल चालत परत गेला, वाटेत पाऊस आला, आणि पॉलिश सगळं त्याच्या एकुलत्या एका चांगल्या कोटाला लागलं.

जुलैचा माज शेवटचा. डिम्फनानं सॅलीला आधीच आपल्या तबेल्यात आणून ठेवलं. मंगळवारी ती दात दाखवायला एनिस शहरात गेली आणि बिशपला कुरणात सोडायचं काम माझ्याकडे आलं. दोर सैल धरून मी तबेल्यावरून चाललो होतो. सॅलीच्या दाराशी बिशप थांबला. सॅलीनं मान बाहेर काढली. आणि हा आमचा करड्यांपुरता नऊ वर्षांचा ब्रह्मचारी कान पुढे करून असा हळू, असा गोड खिंकाळला की मी तोंड उघडं टाकून बघतच राहिलो! नाकाला नाक लावून उभे होते दोघं.

घोडं कुठं पेंड खातंय ते मला तेव्हा कळलं. तांबड्या घोडीच्या वेळी डिम्फना दोर दोन बोटांत धरते, इकडच्या तिकडच्या गप्पा मारते. सॅलीच्या वेळी तिनं दोर मुठीला दोन वेढे देऊन गुंडाळला होता, बोटं पांढरी पडली होती आणि ती श्वास घ्यायचीही विसरली होती. घोड्याला दोरातून सगळं कळतं. तो मागे सरत नव्हता, ती त्याला मागे ओढत होती. आणि तिला स्वतःला याचा पत्ता नव्हता.

संध्याकाळी ती परत आली, गाल सुजलेला. मला थांबवेना.

"डिम्फना, बिशपला करड्या घोडीचं काही नाही."

"मग कुणाला आहे?"

"तुझ्या हाताला."

तिनं बादली फेकली. माझ्या दिशेनं, नेम धरून. "तू होतास का रे तिथं? ढेपळं कापत होतास तू! मला शिकवतोस? चालता हो माझ्या अंगणातून!"

"जातो! आणि घोडी धरायला फादरना बोलाव!" मीही काही कमी नाही. पण घरी जाऊन जेवण गेलं नाही, खोटं कशाला बोलू. मी होतो कुठं तिथं? ते खरंच होतं.

बुधवार गेला. गुरुवारी सकाळी तिची गाडी माझ्या दारात.

"चहा टाकू?" मी विचारलं.

"चहा नको. चल. सॅलीच्या माजाचा आज शेवटचा दिवस आहे."

अंगणात सेनन टोपी हातात घेऊन उभा होता. लाथ बसली तरी लागू नये म्हणून सॅलीच्या मागच्या पायांना जाड नमद्याचे बूट बांधले होते. डिम्फनानं बिशपला बाहेर काढलं आणि दोर माझ्या हातात दिला.

"सैल धर," ती म्हणाली, आणि सॅलीच्या तोंडाकडे चालू लागली.

"अगं, तिथं मी उभा राहतो, तू नको—"

"तोंड बंद ठेव, पॅकी."

जार्लथ उभा होता त्याच जागी ती जाऊन उभी राहिली. रंग उडाला होता चेहऱ्याचा. सॅलीच्या कपाळाला कपाळ लावून म्हणाली, "उभी राहा हं, बाई. घाबरू नकोस. मी पण नाही घाबरत." धडधडीत खोटं! घाबरलो तर मीही होतो. पण हात मी सैल ठेवला, देवाशपथ.

बिशप निघाला. दोन्हीकडे मान हलवत, सावकाश, कुठंही न थांबता. दोन मिनिटांत काम झालं आणि सॅलीनं खूरसुद्धा उचलला नाही. मी बिशपला बाजूला घेतला तरी डिम्फना सॅलीच्या मानेत तोंड खुपसून तशीच उभी होती. तिचे खांदे हलत होते. जार्लथला मातीत ठेवलं त्या दिवशी ती रडली नव्हती. सेनननं मला खूण केली, आणि आम्ही दोघं उगाचच कुंपण बघायला गेलो.

अठरा दिवसांनी डॉक्टरनं सॅलीला तपासलं. गाभण! सेनन डाग पडलेला कोट घालून, अंडी घेऊन डिम्फनाच्या स्वयंपाकघरात आला आणि खुर्चीवर बसायच्या आधीच म्हणाला, "सुधारला बाई, सुधारला तुझा बिशप शेवटी!"

मी चहात डोकं घातलं.

डिम्फनानं किटली खाली ठेवली. "तो बिघडलाच नव्हता, सेनन. भीती माझी होती. नऊ वर्षं मी ती त्याच्या नावावर खपवली, आणि गावभर त्यालाच भित्रा म्हणत फिरले."

सेनननं हातातली अंडी टेबलावर ठेवली.

"आणि त्यानं नऊ वर्षं तुला सांभाळून घेतलं," तो म्हणाला. "चांगला घोडा घेतला होता जार्लथनं."