बॅटरी पुरेल तिथपर्यंत

हे मी लिहिणारच नव्हते. दोनदा सुरू केलं, दोनदा पुसलं, कारण गाडीच्या रेग्युलेटरबद्दल कोण कशाला वाचेल. आत्याही म्हणाली, "माझ्यावर काय लिहितेस, अभ्यास कर." पण परवा ती खाली गाडीत नुसती बसलेली दिसली, इंजिन बंद, हात स्टिअरिंगवर, आणि मी तशीच वर आले आणि टाईप करायला बसले. आता पुसणार नाही.

माझी आत्या म्हणजे बाबांची मोठी बहीण. आयुष्यभर बायकांना गाडी चालवायला शिकवलं. ड्रायव्हिंग स्कूल बंद पडलं तेव्हा मालकाने शिकवायची जुनी गाडी तिलाच देऊन टाकली. आता लोक त्या गाडीला विंटेज म्हणतात, थांबून फोटो काढतात. आत्या तिला गाडी म्हणते. शेजारच्या सीटसमोरही एक ब्रेक आणि एक क्लच आहे, शिकवणाऱ्यासाठी. आत्याने लग्न केलं नाही, आमच्याकडेच खालच्या खोलीत राहते. खिडकी उघडली की समोर गाडीचं नाक.

मागच्या वर्षी गाडीचं चार्जिंग गेलं. इंजिन चालू असलं की अल्टरनेटर वीज बनवतो आणि बॅटरी भरत राहते, आणि किती भरायची ते एक छोटी डबी ठरवते. ती डबी म्हणजे रेग्युलेटर. तो जळाला. गाडी चालायची, पण बॅटरीत जेवढं आहे तेवढंच. मग आत्याने पलंगाशेजारी चार्जर मांडला. बॅटरी खोलीत आणून भरायची, सकाळी उचलून गाडीत बसवायची. दिवे लावायचे नाहीत. वायपर नाही. हॉर्न तर नाहीच, कुणी आडवं आलं की खिडकीतून ओरडायचं. बाजार, बँक, घर. त्याच्या पलीकडे गेलं की गाडी मान टाकणार, हे ठरलेलं.

बाबांना हे सोयीचंच वाटत होतं. "ताई, विकून टाक आता. रिक्षा आहेत, मी आहे, ही आहे. तुला जायचंय तरी कुठे?"

"पहिलीकडे," आत्या म्हणायची.

पहिली म्हणजे तिची पहिली विद्यार्थिनी, आणि नंतरची एकुलती एक मैत्रीण. ती मुलाकडे राहायची, इथून तीन तासांवरच्या शहरात, सातव्या मजल्यावर. कंबरेचं ऑपरेशन झाल्यापासून ती खाली उतरलीच नव्हती. मुलगा आणि सून वाईट नाहीत हो, पण दोघंही नोकरीला. एकदा ती जिन्यात पडली, तेव्हापासून जाताना जाळीच्या दाराला बाहेरून कुलूप. दर रविवारी तिचा फोन यायचा. आत्या स्पीकरवर टाकायची, त्यामुळे सगळ्या घराला पाठ.

"मास्तरीण, कधी येतेस?"

"या आठवड्यात बसने येऊ का?"

"बसने येऊन काय करशील? माझ्याशेजारी बसशील. इथे बसायचीच तर सोय आहे. गाडी घेऊन ये आणि मला बाहेर काढ."

"तुझा मुलगा सोडेल?"

"भाड्याच्या गाडीत नाही सोडत. तुझ्या गाडीला नाही कसं म्हणेल? शाळेतून त्याला तूच आणायचीस, आणि तो मागच्या सीटवर ओकायचा."

मग एका रविवारी ती हसली नाही. मुलाची बदली झाली होती. नातवंडांच्या परीक्षा संपल्या की सगळे जाणार, इतकं लांब की तिथून या वयात कुणी परत येत नाही. आत्या फोन ठेवून तडक मेकॅनिककडे गेली. मी मागोमाग.

त्याला सगळे करंट म्हणतात, त्याची बायकोसुद्धा. वायरिंगची कामं करतो. दुकान इतकं अरुंद, की एक गिऱ्हाईक आत आलं की करंटला बाहेर यावं लागतं. छतापासून वायरींची भेंडोळी लोंबतात, डोकं वाकवूनच बोलायचं. जळालेल्या डबीवरचा नंबर गंजात गेला होता. करंटने गाडीचं नाव आणि वर्ष सांगून कुठे कुठे फोन केले आणि शेवटी एक रेग्युलेटर आला. हुबेहूब. तीच भोकं, तोच प्लग. बसवला, इंजिन चालू केलं, डॅशबोर्डवरचा चार्जिंगचा काटा ढिम्म.

"मेलेला पाठवला," करंट म्हणाला.

दुसरा मागवला. त्यात दिवस गेले. तोही ढिम्म. करंटने दोन्ही टेबलावर तपासले तर दोन्ही धडधाकट. तो डोकं खाजवत बसला, आणि आत्या सहज बोलावं तशी म्हणाली, "आपण गाडीचं नाव सांगून मागवतोय ना?"

"मग काय तुमचं सांगून मागवू?"

"तसं नाही रे. अल्टरनेटर या गाडीचा नाहीये. मूळचा जळला तेव्हा मालकाने ट्रॅक्टरचा टाकला होता."

करंट स्टुलावर बसला. "मॅडम, हे आज सांगताय?"

"तू विचारलंस का? तू वर्ष विचारलंस, मॉडेल विचारलंस."

"म्हणजे फोटो एकाचा बघतोय आणि लग्न त्याच्या मित्राशी लावतोय."

मला त्याने नळाचं उदाहरण देऊन सांगितलं. काही रेग्युलेटर पाणी येतानाच अडवतात, काही मोरीकडच्या तोंडाला अडवतात. दोन्ही चांगलेच, पण एकाच्या जागी दुसरा चालत नाही. बाहेरून मात्र जुळे भाऊ.

मग आम्ही तिघं भंगाराच्या गोदामात. ट्रॅक्टरच्या ढिगात करंट अर्धा आत गेला, आम्हाला नुसते पाय दिसत होते. रेग्युलेटर सापडला. कुरूप, जाड, भोकं कुठेच न जुळणारी. दुकानात आणून त्याने तो प्लायवूडच्या तुकड्यावर ठोकला आणि तुकडा गाडीत बसवला. किल्ली फिरवली. काटा उसळला. आत्याने कितीतरी महिन्यांनी दिवे लावले आणि समोरची भिंत पांढरीफटक झाली. करंटची बायको चहा घेऊन आली होती, ती म्हणाली, "बाई गं, लग्नाचा हॉल झाला." आत्या हसत होती. तिने ॲक्सिलरेटर जरा दाबला.

फट् करून एक दिवा गेला. मग दुसरा. बॅटरीतून सडक्या अंड्यासारखा वास यायला लागला. आत्याने किल्ली बंद केली आणि कपाळ स्टिअरिंगला टेकवलं.

"राहू दे. माझ्या भावाला सांगते, विकून टाक."

असं ती आधी कधीच म्हणाली नव्हती. मला तिच्या पाठीवर हात ठेवायचा होता, पण माझ्या बाजूला भिंत इतकी जवळ होती, की गाडीचं दार उघडेना.  करंट प्लायवूडकडे बघत होता.

"लाकूड," करंट म्हणाला. "मी गाढव आहे. डबीला गाडीच्या लोखंडाचा आधार लागतो, अर्थिंग लागतं, त्याशिवाय तिला कळतच नाही किती भरलं. मी तिला लाकडावर बसवली. देत सुटली बिचारी."

त्याने डबीपासून गाडीच्या अंगापर्यंत एक वायर ओढली. बस, एक वायर. बॅटरीत पाणी घातलं, नवे दिवे टाकले. काटा वर आला, आपल्या जागी थांबला आणि तिथेच राहिला. आत्याने दिवे लावले, वायपर लावले आणि हॉर्नवर हात ठेवला तो काढेचना. गल्लीतली कुत्री उठली.

पहिलीकडे निघताना बाबांनी टायर तपासले, चारही. मी सोबत गेले.

पहिलीच्या बिल्डिंगमध्ये मुलगा खाली आला. "मावशी, कंपाउंडच्या आतच हं. डॉक्टरांनी सांगितलंय."

पहिलीला गाडीत बसवायला वेळ लागला. आणि ती बसली ती चालकाच्या जागी. कुणी काही म्हणायच्या आत आत्या शेजारी बसली, शिकवणाऱ्याच्या ब्रेकवर पाय ठेवून. मी मागे. पहिल्या गिअरमध्ये बिल्डिंगला एक फेरी. दुसरी फेरी. तिसऱ्या फेरीत आम्ही गेटसमोर आलो आणि वॉचमनने गाडी बघून सवयीने गेट उघडलं.

पहिलीने आत्याकडे बघितलं. मला आत्याचा पाय दिसत होता. तो ब्रेकवरून उचलला गेला.

आणि पहिलीने गाडी बंद पाडली. तिथेच, गेटच्या मधोमध. मागून मुलगा यायला लागला होता.

"क्लच," आत्या म्हणाली, अगदी शांत. "परत."

एका फटक्यात चालू झाली. बॅटरी भरलेली होती ना. आम्ही बाहेर पडलो. रस्ता संपेपर्यंत, वळणावरच्या बंद पेट्रोल पंपापर्यंत. तिथे पहिली थांबली. "बास," ती म्हणाली. "आता तू घे." येताना तिने काच खाली करून हात बाहेर ठेवला होता. मुलगा गेटवर उभा होता, रागावला नाही, त्याने तिला हाताला धरून लिफ्टमध्ये नेलं. लिफ्टचं दार लागेपर्यंत ती आमच्याकडे बघत होती.

ते लोक गेले. रविवारचे फोन आधी छोटे झाले, मग सून घ्यायला लागली, "त्या झोपल्यात" म्हणायला लागली. गाडी आता कुठेही जाते. दिवे, वायपर, हॉर्न, सगळं. आणि आत्याला जायला कुठे नाही. बाजार, बँक, घर. परवा ती गाडीत बसली होती ती त्यामुळे. मी विचारलं, "कुठे निघालीस?" तर म्हणाली, "कुठे नाही गं, काटा बघत होते."

म्हणून लिहिलं. तुम्हाला कुणी "कधी येतेस" विचारत असेल ना, तर या रविवारी जा. आणि जायला गाडी नसेल तर मला कळवा. आमची आत्या रिकामीच आहे.