कापलेला बांध

ती घटना आजही डोळे मिटले की आठवते. आधी दिसतं ते पाणी.

तिरुनीलक्कुडी गावाच्या पुढे, कालव्याच्या शेवटच्या टोकाला शेतकरी दरवर्षी माती, पेंढा आणि बांबूंचा छोटा बांध घालतात. पाणी तुंबून वर चढतं, तेव्हाच उंचावरच्या भातरोपांना मिळतं. त्या सकाळी तक्रार आली म्हणून मी ठाण्यातून तिथे पोचलो, तर बांध मधोमध कापलेला होता. धुरकट उजेडात सगळं शिवार तरंगत असल्यासारखं वाटत होतं, आणि ओसरल्या पाण्यात बगळे झोपेत चालावं तसे चालत होते.

"अय्या, परवापर्यंत पाणी चढलं नाही तर रोपं गेली!" तक्रारदार शेतकरी ओरडला; साहेबाला तिकडे अय्या म्हणतात. "हे वरच्या गावाचंच काम!"

पंचनामा करताना हवालदार हसला. "साहेब, वैरी मोठा टापटिपीचा दिसतो. गवताची ढेकळं काठावर रचून ठेवलीत. परत लावायची असल्यासारखी."

दुपारी चहावाल्याने खबर दिली. खालच्या वस्तीतल्या एका म्हाताऱ्याची तिरडी आदल्या संध्याकाळी तिथूनच पलीकडच्या स्मशानात गेली होती.

म्हाताऱ्याच्या मुलाला ठाण्यात बोलावलं. नुकतंच मुंडन केलेलं डोकं. त्याने काहीच नाकारलं नाही.

"बांध अप्पाच घालायचे, अय्या. यंदाचाही त्यांच्याच हातचा. कालवा ओलांडायची आमची उताराची वाट बांधाच्या मागे. पाणी छातीशी आलेलं. तिरडी कशी धरायची? कापला."

"मग देवळाच्या आळीतून रस्ता होता की!"

तो माझ्याकडे बघत राहिला. "तेच विचारायला काल तुमच्याकडे आलो होतो ना. तुम्ही म्हणालात, आळीतून नको, ते लोक तुमची तिरडी जाऊ देणार नाहीत, तंटा होईल. नेहमीच्या वाटेने जा."

म्हणालो होतो. मान वर न करता. त्याचा चेहराही पाहिला नव्हता. हवालदार उगाच खिडकीबाहेर बघू लागला.

मी जबाब लिहूनच घेतला नाही. मुलाने त्याच दिवशी बांध पुन्हा घातला, रोपं वाचली, आणि 'आरोपी अज्ञात' लिहून मी तपास बंद केला. हवालदार अजून म्हणतो, साहेबांनी पोरावर दया केली. दया कसली? जबाबात माझं वाक्य आलं असतं. त्या आळीतल्या रस्त्याबद्दलही मी वर एक अक्षर कळवलं नाही. मुदतीआधी नोकरी सोडली, तरी हे आजवर घरातसुद्धा बोललो नाही.

बांध कुणी कापला, हे आम्ही पोलीस लगेच शोधतो. त्याच्या हाती कुदळ यायची वेळ कुणी आणली, हे विचारायला मी त्या खोलीत शिकलो, आणि तिथेच गप्प बसलो.

सोडतो म्हटल्यावर तो पोरगा माझ्या पाया पडला. मी पाय मागे घेतले नाहीत.