नेलपॉलिशची बाटली आणि बंगळूर

बंगळूरला जाऊन काय पाहिलंस, असं कुणी विचारलं की मी खरं ते सांगतो: एक पंखा आणि एक नंदी. पंखा दिवसभर पाहिला, नंदी दहा मिनिटं.

सत्त्याण्णव साल असेल. बेळगावात आमच्या माडीवर माझी बायको निर्मला डीटीपीची कामं करायची. शाळेतली नोकरी सोडून तिनं हा उद्योग मांडला होता. लग्नपत्रिका, हँडबिलं यावर दोन वर्षं काढल्यावर एका हायस्कूलची दोनशे पानी स्मरणिका तिला मिळाली, फोटोंसकट. आणि आमचा ४८६ कॉम्प्युटर फोटो उघडला की बेशुद्ध पडायचा. दहा दिवसांत पानं नाही दिलीत तर काम कोल्हापूरला पाठवतो, असं मुख्याध्यापकांनी तोंडावर सांगितलं. तिकडं गेलं असतं तर निर्मला पुन्हा नोकरीचे अर्ज लिहायला बसली असती. नवा कॉम्प्युटर परवडणारा नव्हता. पण जुन्याच मदरबोर्डवर मधे एक अडॅप्टर घालून नवा वेगवान प्रोसेसर बसवता येतो, आणि हे काम बंगळूरला होतं, असं कळलं.

त्याचबरोबर हेही कळलं की असल्या बाजारात चांगला पार्ट काढून भंगार घालून देतात. कुणी सांगितलं आठवत नाही, पण मला पटलं. मला अशा गोष्टी पटकन पटतात. निघायच्या आदल्या दिवशी मी कॉम्प्युटरचा डबा उघडला आणि निर्मलाच्या लाल नेलपॉलिशनं हार्डडिस्कवर, दोन्ही रॅमवर आणि डिस्प्ले कार्डावर एकेक टिपका दिला. बाटली खिशात टाकली. आता बदला म्हणावं काय बदलायचं ते!

सीपीयू गोधडीत गुंडाळून मांडीवर घेतला आणि लाल बसनं निघालो. लगेज वर टाका, असं कंडक्टरनं दोनदा सांगितलं. मी हललो नाही, तेव्हा तो म्हणाला, मग लेकराचं हाफ तिकीट काढा. सकाळी बंगळूरच्या मॅजेस्टिक स्टँडवर उतरलो. तुम्ही कुणी जाणार असाल तर स्टँडसमोरच्या हॉटेलात इडली-वडा जरूर खा, दहा रुपयांत पोट भरायचं तेव्हा. मी एका हातानं खाल्ला, दुसरा गोधडीवर होता. रिक्षावाल्याशी मीटरवरून हुज्जत घातली. मीटर बरोबर होता असं आता वाटतं.

कॉम्प्युटरच्या बाजारात, एसपी रोडवर, चार दुकानं फिरून प्रोसेसर आणि अडॅप्टर घेतला. बसवून कोण देईल विचारलं तर दुकानदारानं बसवनगुडीतल्या श्यामरावांचा पत्ता दिला. वर म्हणाला, तुमचीच भाषा बोलतात. झालं! माझी शंका दुप्पट झाली. परगावात आपली भाषा बोलणारा सर्वांत आधी गळा कापतो, असं माझे वडील म्हणायचे. बसवनगुडीत रिक्षातून उतरल्यावर मी एका झाडाआड बाटली काढली आणि नव्या प्रोसेसर चिपच्या कोपऱ्यात टिपका दिला. पुसला जाऊ नये म्हणून वर आणखी दोन हात.

श्यामराव पन्नाशीचे, कपाळाला गंध, घराच्या पडवीतच वर्कशॉप. घराणं तीन-चारशे वर्षांपासून इथलंच म्हणे. त्यांची मराठी ऐकून मी चक्रावलो, अर्ध्या वाक्यात कन्नड मिसळलेली. त्यांनी बाय-टू कॉफी मागवली, म्हणजे एकाच कॉफीचे दोन पेले. अर्धी कॉफी देणारा माणूस अर्धंच काम करणार, असं मी मनात धरलं. जवळच मोठा नंदी आहे, बघून या, तोवर बसवून ठेवतो, असं ते म्हणाले. हं, म्हणजे मला घालवायचं तर! मी स्टूल ओढून त्यांच्या कोपराशी बसलो.

अडॅप्टर बसला, त्यावर चिप, चिपवर उष्णता ओढून घेणारी पांढरी पेस्ट, वर पंखा. मशीन सुरू झालं आणि दहा मिनिटांत गोठलं. पुन्हा सुरू केलं, पुन्हा गोठलं. दुपार झाली. मला स्मरणिका दिसत होती, कोल्हापूर दिसत होतं. पाणी प्यायला मी एकदाच उठलो होतो, ते आठवलं आणि डोकं फिरलं. आणखी दोन गिऱ्हाइकं बसली होती, त्यांच्यादेखत मी म्हणालो, "तुम्ही माझी चिप बदललीत."

श्यामरावांनी मशीन बंद केलं. स्क्रूड्रायव्हर माझ्या हातात दिला. "तुम्हीच काढा, अण्णा."

मी क्लिप काढली, पंखा उचलला. चिप माझीच होती. लाल टिपका जागेवर होता, चांगला जाडजूड. त्याच्यावर पंख्याचं एक टोक टेकून तिरकं बसलं होतं, आणि दुसऱ्या बाजूला पेस्ट नुसती तशीच, पंख्याला लागलेलीच नाही. चिप तापणारच.

"हा टिपका दुकानाचा नव्हे?" त्यांनी विचारलं.

माझा आहे, म्हणालो.

"दुकानवाले गॅरंटीला असाच लावतात. खरवडला तर तुमची गॅरंटी जाईल म्हणून मी हात लावला नाही."

मेल्याहून मेल्यासारखं झालं मला. मी माफी मागितली, तीही धड जमली नाही. ते सरी, सरी, म्हणजे ठीक आहे, असं म्हणत स्पिरिटनं टिपका पुसत होते. नवी पेस्ट लावली, मोठा पंखा घातला. दोन तास चालवून बघायला हवं, म्हणाले. या खेपेला मी स्वतःहून उठलो आणि नंदी बघायला गेलो. नंदी खरंच प्रचंड आहे, वेळ काढून जा. मला मात्र तो नीट दिसला नाही. दहा मिनिटांत बाहेर आलो आणि उरलेला वेळ पायरीवर शेंगा खात बसलो, लवकर परतलो तर त्यांना काय वाटेल म्हणून.

परतलो तेव्हा मशीन चालूच होतं. बाकीच्या मशीनच्या स्क्रूवर त्यांचं स्टिकर होतं, फाटलं तर वॉरंटी रद्द. माझ्या मशीनवर नव्हतं. मी विचारलं.

"तुम्हाला लावत नाही," ते म्हणाले. "घरी जाऊन उघडणारच तुम्ही. उगाच वॉरंटी जाईल."

छे, आता कशाला उघडतोय, असं मी अगदी मनापासून म्हणालो.

दुसऱ्या दिवशी बेळगावात निर्मलानं शाळेच्या इमारतीचा फोटो उघडला. चहाचा कप उचलायच्या आत तो पडद्यावर होता. तिनं मागं वळून माझ्याकडं पाहिलं, डोळे भरले होते तिचे. स्मरणिका आठव्या दिवशी गेली, आणि नोकरीचा अर्ज तिनं पुन्हा कधी लिहिला नाही.

पण फोटो उघडला त्याच सकाळी, ती आंघोळीला गेल्यावर, मी स्क्रूड्रायव्हर घेतला. आतून तिनं विचारलं, "अहो, नंदी कसा होता?" मोठा होता, म्हणालो, आणि झाकण काढलं. चारही टिपके जागच्या जागी होते. वॉरंटीसुद्धा.