काळ्या तेलाची तीट

आमच्या पाथर्डीकडं समुद्र कुठला, प्यायच्या पाण्याचीच मारामार. तरी मी जहाजावर इंजिनिअर झालो, याचं गावाला भारी कौतुक. मी तिथं नेमकं काय करतो, ते मात्र कुणाला कळत नव्हतं. "इंजनाला त्याल पाजतो," असं मामा सगळ्यांना सांगायचे. ते खोटंही नव्हतं.

मामा आमच्याच जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात पॉवरहाऊसचे फोरमन. तिथं मोडीत निघालेल्या जहाजाचं अगडबंब डिझेल इंजिन आणून बसवलं होतं. मामांना त्या इंजिनाचा अभिमान होता आणि मला मामांच्या धाकट्या मुलीचा ध्यास. मामाची मुलगी करायची आमच्यात रीतच, त्यामुळे बोलणी जवळजवळ ठरली होती. बहात्तरच्या दुष्काळाआधीच्या गळीत हंगामात मी सुट्टीवर आलो तो याच आशेनं.

मामांचा एक नियम होता. इंजिनातल्या तेलाचा थेंब पांढऱ्या फडक्यावर टाकायचा आणि काळा दिसला की सगळं तेल उपसून नवं भरायचं. "देवाच्या समईत काळं त्याल घालतो का आपुन? मंग इंजनाला का घालायचं?" ऊस तोडायला आलेले गाडीवान डबे घेऊन बाहेर तयारच असत. त्या काळ्या तेलाच्या वंगणावर त्यांच्या गाड्या अशा मऊ चालत, की कारखान्याच्या रस्त्यावर एक चाक कुरकुरत नसे. मामांना सगळे देव मानत.

आता डिझेल इंजिनाचं तेल काळं होणारच. काजळी धरून ठेवायचा गुण त्यात मुद्दाम घातलेला असतो. काळं झालं म्हणजे ते इमानानं काम करतंय. जहाजावर आम्ही तेच तेल साफ करून वर्षानुवर्षं वापरतो. सिलिंडरचं वेगळं तेल निवडतानासुद्धा इंधनात गंधक किती, म्हणजे त्याचं आम्ल किती होणार, ते बघतो, रंगाकडं ढुंकूनही बघत नाही. पण हे होणाऱ्या सासऱ्याला कोण सांगणार?

तेवढ्यात मॅनेजरसाहेबांचं बोलावणं आलं, मामांना आणि मला. जाताना मामांनी माझा दंड धरला. "भाचेबुवा, साहेबाम्होरं माझी मान खाली गेली, तर पोरगी इसरायची."

साहेबांनी थेट विचारलं, "तुम्ही जहाजावरचे. आमच्या इंजिनाला इतकं तेल लागतं कसं?"

मामा छताकडं बघत होते. खोटं बोललो तर धंद्याशी बेइमानी, खरं बोललो तर जन्मभर ब्रह्मचारी.

"साहेब," मी म्हणालो, "जहाजावर तेल साफ करायचं यंत्र असतं. तुम्ही इंजिन आणलं, यंत्र तिथंच राहिलं. फोरमननी त्याच्याशिवाय इंजिन जपलंय, बेअरिंगला ओरखडा नाही. आता यंत्र मागवा. तोवर तळाचा गाळ काढायचा आणि तेवढंच नवं घालायचं. काळं झालं म्हणून बदलायचं नाही."

साहेबांनी मान डोलावली. मामा छाती काढून म्हणाले, "मी बी हेच म्हनत हुतो!" मला चहाचा ठसका लागला.

लग्न ठरलं. गाडीवानांना मात्र आता नुसता गाळ मिळायला लागला. मी दिसलो की ते मुद्दाम माझ्याजवळून कुरकुरत्या गाड्या हाकत.

हळदीच्या दिवशी मी पिवळाधमक होऊन पाटावर बसलो होतो. मामा आले, पॉवरहाऊसमधल्याच कपड्यांत. त्यांनी माझ्या कानामागं बोट टेकवलं. दृष्ट लागू नये म्हणून काळी तीट लावली असेल असं वाटलं, पण वास ओळखीचा होता. इंजिनाचं तेल!

बायका हसायला लागल्या. मीही हसलो. मामा हसले नाहीत. खाली वाकून हळूच म्हणाले, "काळं झालं म्हून बदलायचं न्हाई, तूच म्हनाला हुता. माझी पोर आज नवी हाय. जुनी झाल्यावर बी ध्यानात ठेव."

मी मान हलवली आणि अंघोळीच्या वेळी तेवढा कान सोडून बाकी अंग धुतलं.